वाचकांचे प्रश्न : ठरवायचे कशाच्या आधारावर?

स्वतःची तत्त्वे ठरवणे आणि त्यांच्या आधारे निर्णय घेणे या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्नांची उत्तरे इथे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : निर्णयाच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून मी माझ्या तत्त्वांची यादी केली. प्रामाणिकपणा, सातत्य, आदर, साधेपणा, आरोग्य... बघता बघता २२ झाली. वर्ष उलटले, पण एकाही निर्णयाच्या वेळी ती वही उघडली गेली नाही. कुठे चुकले?

उत्तर : तुमच्या वहीत सद्गुणांची नावे आहेत. त्यांच्यावर कुणाचाच आक्षेप नसतो, आणि अडचण तिथेच आहे. 'प्रामाणिक राहावे' याच्या विरुद्ध बाजूला कुणी उभे राहत नाही, त्यामुळे ते वाक्य तुमच्यासाठी काहीच निवडत नाही. आता हे वाक्य पाहा : 'काम वेळेत होणार नाही हे ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी सांगेन.' याच्या उलट वागणारी समंजस माणसे पुष्कळ सापडतील. ती म्हणतील, आधी भरून काढायचा प्रयत्न करू, उगाच घबराट कशाला? ज्याच्या उलट बोलणाराही शहाणा असू शकतो, असेच वाक्य ऐनवेळी कामाला येते.

वही तूर्त मिटून ठेवा आणि दुसऱ्या टोकाने सुरुवात करा. गेल्या दोन वर्षांत तुम्ही घेतलेले आठ-दहा निर्णय आठवा आणि प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी करा. चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहायच्या : समोर पर्याय कोणते होते, निवडले काय, त्यासाठी सोडले काय, आधी कुणाला विचारले, आणि आज त्याबद्दल काय वाटते. यातली तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी असते, आणि लोक नेमकी तीच रिकामी ठेवतात. नोकरी किंवा घर बदलण्यासारखे मोठे निर्णय दोन-तीनच घ्या. बाकीचे लहान असू द्या : कुणाला उसने पैसे दिले, कुठल्या कामाला नकार दिला, कुठला वाद सोडून दिला. मोठ्या निर्णयांची कहाणी आपण अनेकदा सांगून सांगून गुळगुळीत केलेली असते. लहान निर्णय त्या मानाने खरे बोलतात.

मग चिठ्ठ्यांचे दोन ढीग करा : 'पुन्हा तसेच करीन' आणि 'पुन्हा तसे करणार नाही'. प्रत्येक ढिगात वारंवार काय राखले गेले आणि काय सोडले गेले ते शोधा. समजा, पहिल्या ढिगात तीनदा पैसा सोडून वेळ राखलेला दिसला आणि दुसऱ्यात तीनदा कुणाची नाराजी टाळण्यासाठी वेळ देऊन टाकलेला दिसला, तर पहिले तत्त्व हाताशी आले. त्याचा साचा असा ठेवा : 'अमुक आणि तमुक यांत ओढाताण झाली तर मी अमुक राखीन, मात्र इथपर्यंतच.' शेवटचा तुकडा गाळू नका. 'वेळ राखण्यासाठी जास्त पैशाचे काम सोडीन, मात्र सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक असेल तोवरच' हे पाळता येते. मर्यादा नसलेले वाक्य पहिल्याच खऱ्या अडचणीत मोडते, आणि एक मोडले की सगळ्या वहीवरचा विश्वास उडतो.

अशी पाच ते सात वाक्ये पुरेत. बेंजामिन फ्रँकलिनने स्वतःसाठी १३ सद्गुण निवडले होते, पण सगळे एकदम अंगी बाणवायचा हट्ट त्यानेही धरला नाही. एका आठवड्यात एकाच गुणाकडे मुख्य लक्ष, १३ आठवड्यांत एक फेरी, वर्षात अशा चार फेऱ्या. तरीही व्यवस्थितपणाने त्याला सर्वांत जास्त छळले, हे त्यानेच लिहून ठेवले आहे.

वाक्य तयार झाले की ते जुन्या चिठ्ठ्यांवर लावून पाहा. ते तुमच्या सगळ्याच निर्णयांना शाबासकी देत असेल, तर ते केवळ समर्थन आहे. एकाही निर्णयाशी जुळत नसेल, तर ती अजून नुसती इच्छा आहे, किंवा ते वाक्य दुसऱ्या कुणाचे तरी आहे. काही चिठ्ठ्यांवर 'बरोबर' आणि काहींवर 'इथे मी घसरलो' असे उत्तर आले, तर ते वाक्य ठेवण्याजोगे.

प्रश्न : घरी लहानपणापासून जे शिकवले, तेच मी माझे तत्त्व म्हणून सांगत आले. ते खरोखर माझे आहे की नुसते अंगवळणी पडले आहे, हे ओळखायचे कसे?

उत्तर : ते आले कुठून, यावरून काही ठरत नाही. आपली भाषाही घरूनच आलेली असते, म्हणून ती परकी होत नाही. पाहायचे ते एवढेच, की आज ते तुम्ही कशाच्या जोरावर पाळता.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेच्या अभ्यासात एक उपयोगी फरक दाखवला आहे. काही गोष्टी आपण बक्षिसासाठी किंवा शिक्षेच्या भीतीने करतो, काही अपराधी वाटू नये म्हणून करतो, आणि काही मनापासून पटल्या म्हणून करतो. पहिला प्रकार लगेच ओळखू येतो. फसवतो तो दुसरा, कारण तिथे धाक दाखवणारे बाहेर कुणीच नसते, बाहेरचाच आवाज आत येऊन बसलेला असतो.

तीन गोष्टी तपासा. हे मी पाळले नाही हे कुणालाही, कधीही कळणार नसेल, तर काय करीन? आजवर जेव्हा ते मोडले, तेव्हा मनात आधी काय आले : 'कुणाला कळले तर?' की 'हे करायला नको होते'? आणि तिसरी जरा अवघड : हे न पाळणारा माणूस बिनधास्त वावरताना दिसला की किती चीड येते? थोडी चीड स्वाभाविक आहे. पण त्याने कुणाचेही नुकसान केलेले नसताना तुमचा तिळपापड होत असेल, तर बहुधा तुम्ही ते तत्त्व ओझ्यासारखे वाहत आहात आणि तो मोकळा सुटला याचा राग आहे.

तरीही उलगडले नाही, तर महिनाभर ते तत्त्व बाजूला ठेवून पाहा. अट एकच : ते मोडल्याने दुसऱ्या कुणाचे नुकसान होता कामा नये. रोज रात्री दोन ओळी लिहा. पहिला आठवडा जमेस धरू नका, कारण सवय मोडली की अस्वस्थ वाटतेच. चौथ्या आठवड्यातही काहीतरी हरवल्यासारखे वाटत असेल, तर ते तत्त्व तुमचेच आहे. आता ते घरच्यांचे नाव न घेता स्वतःच्या शब्दांत लिहून काढा.

एक गोष्ट जाता जाता. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' म्हणताना लोक पहिला अर्धा भाग गिळून टाकतात. मोठ्या निर्णयाआधी तिघांचे जरूर ऐका : परिणाम ज्याला भोगावा लागेल तो, त्या वाटेने जाऊन आलेला, आणि ज्याला त्यात काहीच मिळवायचे नाही असा. 'मी काय करू?' असे विचारू नका. 'माझ्या नजरेतून काय सुटते आहे?' असे विचारा.

प्रश्न : मी नेहमी फायदे-तोटे लिहून काढतो. यादी जितकी लांबते तितका गोंधळ वाढतो. एक निर्णय तर चार महिने लोंबकळतो आहे.

उत्तर : ही पद्धत बहुतेक जण अर्धीच वापरतात. फ्रँकलिननेच १७७२ साली जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात ती पूर्ण सांगितली आहे. प्रीस्टलीने सल्ला मागितला होता. काय ठरवावे हे सांगता येणार नाही, पण कसे ठरवावे ते सांगतो, असे फ्रँकलिनने कळवले. कागदाचे दोन भाग करायचे, तीन-चार दिवस सुचतील तसे अनुकूल आणि प्रतिकूल मुद्दे टिपत जायचे. मग मुख्य काम : सारख्या वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडायचे. कधी एकासमोर एक, कधी एकासमोर दोन, तर कधी दोनांसमोर तीन. शेवटी जे उरेल त्यावर एक-दोन दिवस आणखी विचार करायचा, नवे महत्त्वाचे काही सुचले नाही तर ठरवून टाकायचे. खोडण्याची पायरी गाळली, की नुसत्या संख्येचा प्रभाव पडतो आणि दहा किरकोळ मुद्दे एका भारी मुद्द्याला दाबून टाकतात. कुठला मुद्दा भारी, हे यादी सांगत नाही. ते वजन तुमच्या त्या पाच-सात वाक्यांतूनच येते, म्हणून यादीला बसण्याआधी ती वाक्ये समोर ठेवा.

दुसरे म्हणजे, हा निर्णय परत फिरवता येतो का? येत असेल, तर त्याला चार महिने देणे ही उधळपट्टी आहे. आठवड्याची मुदत घाला आणि शक्य तिथे आधी लहान प्रमाणात करून पाहा. जो निर्णय फिरवता येत नाही, किंवा फिरवायला फार महाग पडतो, त्यालाच दोन-तीन आठवडे द्या.

तिसरे : पर्याय पाहायला लागण्याआधी 'पुरेसे' म्हणजे किती ते लिहून ठेवा. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिले, की माणसाजवळ वेळ आणि माहिती दोन्ही मर्यादित असतात. त्यामुळे सर्वोत्तम पर्याय शोधत बसण्यापेक्षा किमान अटी ठरवून, त्या पूर्ण करणारा पहिला पर्याय घेणे शहाणपणाचे ठरते. शीना अय्यंगार, रेचल वेल्स आणि बॅरी श्वार्ट्झ यांनी २००६ साली नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तमाच्या मागे लागणाऱ्यांना सुमारे २० टक्के जास्त पगार मिळाला, पण मिळालेल्या नोकरीबद्दल ते इतरांपेक्षा कमी समाधानी होते. अटी तीन ते पाच असाव्यात. आणि शोध सुरू झाल्यावर त्या वाढवायच्या नाहीत. घोळ होतो तो इथेच : चांगला पर्याय दिसला की अट वर सरकते.

आता तुमचे चार महिने. एका कागदावर लिहा : 'कोणती एक माहिती मिळाली तर माझा कल उलटेल?' उत्तर सापडले, तर ती माहिती कुणाकडे आहे आणि कधीपर्यंत मिळवायची ते लिहा आणि कामाला लागा. उत्तर सापडले नाही, तर तुमचा निर्णय झालेला आहे. अडलेली आहे ती त्याची किंमत मोजण्याची तयारी, आणि त्यासाठी आणखी फायदे-तोटे लिहून काही होणार नाही.

प्रश्न : जवळच्या मित्राने शिफारसपत्र मागितले आहे. त्याचे काम बेताचेच आहे हे मला माहीत आहे. मैत्री आणि खरेपणा दोन्ही माझ्या यादीत आहेत. इकडे आड, तिकडे विहीर.

उत्तर : यादीत दोष नाही. शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ साली अनेक देशांतल्या लोकांच्या मूल्यांचा अभ्यास मांडला, त्यात दहा मूल्यप्रकार एका वर्तुळात बसवलेले आहेत. शेजारशेजारची मूल्ये एकत्र नांदतात, समोरासमोरची एकमेकांना ओढतात : स्वातंत्र्य आणि नावीन्य एका बाजूला, तर सुरक्षितता आणि परंपरा दुसऱ्या. यश आणि सत्ता एका बाजूला, तर इतरांचे हित दुसऱ्या. ज्याच्या मनात एकाहून जास्त गोष्टींना किंमत आहे, त्याच्या वाट्याला ही ओढाताण येणारच.

अशा वेळी आधी विचारा : या खोलीत नसलेले पण किंमत मोजणारे कोण आहे? इथे तो पत्र वाचून मित्राला काम देणारा माणूस. मग मैत्रीचे देणे नेमके किती ते ठरवा. तुमचा वेळ, मेहनत, ओळखी हे तुमचे आहे, ते हवे तितके द्या. तिसऱ्याने तुमच्यावर टाकलेला विश्वास तुमच्या मालकीचा नाही, तो मित्राला परस्पर देता येत नाही.

त्यामुळे पत्र लिहिण्याआधी मित्राशी बोला : 'तुझ्याबद्दल या तीन गोष्टी मी मनापासून लिहू शकतो. अमुक गोष्ट लिहू शकणार नाही. असे पत्र तुला चालेल का?' मग पत्र घ्यायचे की दुसरीकडे जायचे ते तो ठरवील. सोबत एखादी संध्याकाळ बसून त्याच्या कामाचे नमुने सुधारायला मदत करा. बहुतेक लोक इथे करतात ते सर्वांत वाईट : तोंडावर 'हो, हो' म्हणायचे आणि कोमट पत्र लिहून द्यायचे. त्यात मैत्रीही जाते आणि खरेपणाही.

या प्रसंगावरून वहीत जोडी लिहून ठेवा : 'मित्रासाठी माझे काहीही, दुसऱ्याचे नाही.' सगळ्या तत्त्वांना एक ते सात असे क्रमांक मात्र देऊ नका. पणाला काय लागले आहे त्यानुसार क्रम बदलतो. जोड्या आणि मर्यादा टिकतात.

प्रश्न : सगळे लिहिले आहे, पाठही आहे. पण समोरच्याने आग्रह केला की तोंडातून 'हो' निघून जाते. कळते पण वळत नाही, त्याचे काय?

उत्तर : आग्रहाच्या क्षणी विचार करायला जागा नसते, म्हणून विचार आधी करून ठेवावा लागतो. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली मांडलेली पद्धत साधी आहे : 'जर अमुक घडले, तर मी तमुक करीन.' नुसत्या निश्चयापेक्षा असे बांधून ठेवलेले वाक्य जास्त पाळले जाते. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ साली ९४ स्वतंत्र चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यातही हा परिणाम ठळक दिसला.

वाक्याचा पहिला भाग डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल असा हवा. 'दडपण आले तर' याचा उपयोग नाही, कारण दडपण आले हे आपल्याला नंतर कळते. 'कुणी फोनवर आत्ताच सांग असे म्हटले तर' हे चालेल. दुसरा भाग म्हणजे तोंडून काढायचे नेमके शब्द : 'उद्या सकाळी ११ पर्यंत कळवतो.' वेळ सांगितली की समोरचा बहुधा थांबतो. 'बघतो', 'विचार करतो' याला तो होकार समजतो. हे शब्द चार-पाच वेळा मोठ्याने म्हणून ठेवा. मनात म्हटलेले वाक्य ऐनवेळी जिभेवर येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी कळवाच, नाहीतर पुढच्या वेळी तुमची मुदत कुणी मानणार नाही.

नकाराला एकच कारण द्या, किंवा कारणच देऊ नका. तीन कारणे दिली की समोरचा त्यातले सर्वांत कच्चे निवडून तेच सोडवून देतो. 'या महिन्यात जमत नाही' म्हटले, तर पुढच्या महिन्यात फोन येतो. कायमचा नकार असेल, तर 'मी उसने पैसे देत नाही' असे सरळ सांगा. अशी 'जर-तर' वाक्ये एका वेळी एक-दोनच ठेवा, अंगवळणी पडली की पुढची घ्या.

प्रश्न : स्वतःशी खरे राहायचे म्हणजे मनात येईल ते तोंडावर बोलायचे ना?

उत्तर : नाही. मनात येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तुम्ही तरी कुठे मान्यता दिलेली असते? गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांत मोठे अंतर आहे, आणि त्या अंतरात सभ्य माणसाला पुष्कळ जागा मिळते. एक सोपी तपासणी : या खरेपणाची किंमत कोण मोजते आहे? नेहमी समोरचाच मोजत असेल, तर त्या स्पष्टवक्तेपणाचा फार अभिमान नको.

प्रश्न : तत्त्वाला धरून निर्णय घेतला आणि तोंडावर आपटले. आता तत्त्व चुकीचे होते असे मानायचे का? ते बदलायचे केव्हा?

उत्तर : परिणाम वाईट आला एवढ्यावरून नाही. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ साली दाखवले, की निर्णय तोच आणि हाताशी असलेली माहितीही तीच असली, तरी शेवट वाईट झाला असे कळले की लोक त्या निर्णयाला कमी गुण देतात. स्वतःच्या बाबतीत तर हे हमखास होते, कारण आठवणही निकालाच्या बाजूने झुकते.

यावर इलाज म्हणजे निर्णयाच्या दिवशीच केलेली नोंद. दहा मिनिटांचे काम आहे : तारीख, काय ठरवले, कुठल्या तत्त्वाला धरून, काय होईल असा अंदाज, तो खरा ठरण्याची शक्यता १०० पैकी किती, आणि त्या दिवशीची अवस्था. झोप अपुरी होती, कुणाशी भांडण झाले होते, घाई होती, हेही लिहा. मोठा निर्णय असेल तर गॅरी क्लाइन यांनी २००७ साली सांगितलेली युक्ती जोडा : वर्ष उलटले आहे आणि हा बेत पार फसला आहे असे धरून चालायचे आणि का फसला याची कारणे लिहायची. 'फसू शकेल का?' असे विचारले की मन 'नाही' म्हणून मोकळे होते. फसलाच आहे म्हटले की कारणे भराभर सुचतात.

थांबण्याची खूणही त्याच दिवशी लिहा : 'अमुक तारखेपर्यंत अमुक झाले नाही, तर सोडीन.' 'हातात घेतलेले पूर्ण करायचे' हे तत्त्व ज्यांच्या वहीत आहे, त्यांनी तर नक्कीच. या वाक्याआड बुडीत खर्चाचा मोह सहज लपतो. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ साली हा मोह प्रयोगांनी दाखवला : पैसा किंवा कष्ट एकदा गुंतले, की पुढे काही मिळणार नसले तरी माणूस त्या गोष्टीला चिकटून राहतो.

सहा महिन्यांनी नोंदी काढा. अंदाज चुकला होता की तत्त्व, हे वेगळे करा. माहिती अपुरी होती, नशीब आडवे आले, थकलेल्या अवस्थेत ठरवले, यातले काही असेल तर तत्त्वाला हात लावू नका. एकाच तत्त्वाने तीन वेगवेगळ्या प्रसंगी तुम्हाला नको तिथे नेले असेल, तर बदल करा. बहुतेक वेळा अख्खे वाक्य टाकून द्यावे लागत नाही, 'मात्र इथपर्यंतच' हा शेवटचा तुकडा पुन्हा बसवावा लागतो. ज्या आठवड्यात फटका बसला, त्या आठवड्यात काहीही बदलू नका. आणि बदलताना जुने वाक्य गिरवून काळे करू नका. त्यावर एक रेघ मारा, शेजारी तारीख आणि कारण लिहा, खाली नवे वाक्य लिहा. पुढच्या तपासणीत जुने आणि नवे दोन्ही वाचता आले पाहिजे.